मुलीकडची अक्षरं

"हॅलो? … हॅलो, पंजाबराव मामाजी काय? … मी रिसोडवरून बेबी. … बेबी, वच्छलाताईची लहान बहीण. … हो, हो, सगळे बरे आहेत. मामाजी, एक विचारू? … तुमी कितव्या वर्गापर्यंत शिकले?"

खिडकीबाहेर बेबीच्या दोन मैत्रिणींची डोकी झटकन खाली गेली. हा प्रश्न त्या दोघींनीच काल शाळेत पैजेवर दिला होता. मुलगी पाहायला येणारा जो तो विचारतो, मुलगी कितवी शिकली. तू एकदा मुलाकडच्या माणसाला विचारून दाखव. बेबीनं दाखवलं.

खरं तर फोनवर एवढंच बोलायचं होतं, 'तुमी म्हणता तसं.' त्या दिवशी अमावास्या, बाजार बंद. सेक्रेटरी साहेबांनी आपल्या चपराशाला, म्हणजे बेबीच्या बाबाला, लेकीच्या लग्नापायी बाजार समितीच्या ऑफिसातून एक ट्रंककॉल करायची मुभा दिली होती. पुंजाजी धुतलेला सदरा घालून आला, चंपाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, जसं काही फोनमधून त्यांना कोणी पाहणार होतं. घंटी वाजली आणि पुंजाजीची जीभच वळेना. त्यानं फोन लेकीच्या हातात दिला.

"चेष्टा कायची, मामाजी? … जुनी मॅट्रिक? अन् पास काय? … बरं, बरं, नाही विचारत. … अहो, पत्रिकेपायीच फोन केला. … भेटली ना. कंडक्टरनं परवा आणून देली. तुमची लाल पेन्सिलही पाह्यली."

लग्नाची पत्रिका इंग्रजीत पाहिजे हा हट्ट मामाजींचाच. ते मंगरूळपीरला कचेरीत बाबू. भाचा सुखदेव, म्हणजे नवरदेव, त्यालाही त्यांनीच शेजारच्या टेबलाला चिकटवलेलं. लग्न भाच्याचं असलं तरी कचेरीत वट मामाची दिसायला पाहिजे. रिसोडच्या घरात इंग्रजी येणारी एकटी नववीतली बेबी. तिनं मसुदा लिहिला, सरांना दाखवला, पाठवला. परत आला तेव्हा मुलाकडची नावं होती तशी होती. मामाजींचं नाव तर सगळंच्या सगळं मोठ्या अक्षरांत, रेल्वे फाटकावरच्या पाटीसारखं. मुलीकडच्या प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर मात्र खोडून तिथं लहान अक्षर बसवलेलं. पुंजाजी लहान, चंपाबाई लहान, वच्छलासुद्धा लहान. खाली मराठीत टीप होती, मुलीकडच्यांनी मुलीकडच्यासारखं राहावं. पुंजाजीनं ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाला, वाकलेलं बरं.

"मामाजी, मोठं अक्षर नावाले असते. … मानाचा काई संबंध नाही. … इंग्रजीत तरी नाही. आमचे सर म्हणतात, चोराचं नाव असलं तरी पहिलं अक्षर मोठं. … तुमाले कुठं चोर म्हटलं? मी म्हणून राह्यली, तुमच्या हिशेबानं माहा बाप चोराच्याही खाली गेला."

पुंजाजीनं हात जोडले. लेकीला जोडले की फोनला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"बरं, मान तर मान. रविवारचं पहिलं अक्षर तुमी मोठंच ठेवलं ना? … मे महिन्याचंही ठेवलं. रिसोडचंही ठेवलं. अन् रिसोडात राहणाऱ्या माह्या बाबाचं तेवढं कापलं. रविवार तुमचा व्याही लागते काय? … मी नाही हसली. लाइनवरची ऑपरेटर बाई असन. … अहो, आयका ना. नियम तुमाले येत नाहीत असं कुठं म्हटलं मी? 'मी' म्हणायचा जो आय, थो कुठंही आला तरी मोठा, तेवढा तुमाले चांगला पाठ आहे."

चंपाबाईनं तिचा दंड धरला. बेबीनं दंड तिच्याकडेच राहू दिला आणि फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मामाजी, मागच्या जयंतीले केनवडले भाषण तुमचंच होतं ना? … आवडलं म्हणजे काय, मी समोरच बसली होती. कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही, टेबलावर हात आपटून सांगतलं तुमी. माईक बंद पडला तरी थांबले नाही. … लग्नातलं येगळं? … बरं. थे भाषणात राहून गेलं मग."

चंपाबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं समजून पुंजाजी तिच्याजवळ सरकला, तर ती हसत होती.

"काय? … काय म्हटलं, मामाजी? … सोयरीक मोडता?"

खिडकीतली डोकी पुन्हा वर आली. बेबीचा इतका वेळचा तोरा उतरला. घरी वच्छला भाकरी टाकत असेल, फोनवर सगळं ठीक झालं असेल असं समजून. वच्छला चौथीतून निघाली ती लहान बहिणीला सांभाळायला, आणि लहान बहीण नववीपर्यंत गेली. मसुदा पाठवायच्या आदल्या दिवशी वच्छलानं तिला हळूच म्हटलं होतं, माहं नाव कसं लिहितात गं? सगळं नको, पहिलं अक्षर शिकव. मग चुलीपुढच्या भुईवर कोळशानं ती 'व्ही' गिरवत बसली. दोन रेघा, खाली टोक. भाकरी करपली तरी उठली नाही.

बेबी आता ओरडली नाही.

"मामाजी, माह्या बहिणीले इंग्रजीतलं एकच अक्षर येते. थेच तुमी खोडलं."

"… हॅलो? … हॅलो, मामाजी? … कोण? सुखदेव भाऊजी? … मामाजी कुठं गेले? … पाणी प्यायले. बरं केलं."

"… काय? आयकू नाही येऊन राह्यलं. … हो. … हो. … तुमाले मंजूर आहे? … बाबाचं, मायचं, ताईचं, समद्यांचं मोठं? … मी लिहिलं होतं तसंच? … अहो भाऊजी, मग एवढं हळू कायले बोलता?"

तिचा चेहरा उजळला आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा आखडला.

"… मामाजी आले वापस? मग तर बरंच झालं. आता हेच जोरानं सांगा. … 'कळवतो' म्हणजे? कोणाले कळवता? … 'ठीक आहे, पाहू' असं काहून बोलून राह्यले, मी काय अर्ज घेऊन आली काय? … भाऊजी, एकडाव बोला ना. एकच डाव. … बाई, थांबा, कापू नका, थे बोलतच आहेत … भाऊजी? … हॅलो?"

लाइन गेली होती.

बेबीनं फोन जागेवर ठेवला. पुंजाजीनं हळूच विचारलं, काय म्हणाले?

"जावई हो म्हणाले, बाबा. पण कानात. मामा आला तसे फिरले."

पुंजाजी म्हणाला की कानात का होईना, हो म्हणाले ना, मग आता पोरी, मामाजी म्हणतात तसं लिहून टाक अन् मोकळी हो. चंपाबाई लेकीकडे पाहत होती.

"नाही लिहीत. मी ठरवलं, तुमी दोघं आयकून घ्या. भाऊजीनं मामाजीले संग घेऊन इथं यावं, अन् कानात बोलले थेच ताईसमोर मोठ्यानं बोलावं. तवरोक पत्रिका छापायले जाणार नाही. भाऊजी हळू बोलतात, हे मी ताईले घरी गेल्याबरोबर सांगणार आहे. मंग लग्न करायचं का नाही, थे तिनं ठरवावं. अन् तिचं नाव लहान करून लिहायले तुमाले दुसरं कोणी पाहिजे असन, तर पाहा बापा. आपल्या घरात इंग्रजी मलेच येते."