हिरवा हापसा

वत्सला : एवढुशी बाटली! खोकल्याच्या औषधाची पण मोठी असते. अन् हिच्यापायी माझा खांदा निखळला हापसून हापसून.

छाया : अजून थोडं, मावशी. नळीत साचलेलं निघून गेलं की खालचं ताजं पाणी तपासायला भरते.

वत्सला : अक्कांनाही एवढं हापसायला लावलं का?

छाया : लावलं. उषाबाईंनी मुकाट्यानं हापसलं.

उषाबाई : ऐक वच्छी. मुकाट्यानं.

वत्सला : तुमचं काय वं, तुम्ही थोरली जाऊ. चौऱ्याण्णवच्या प्लेगात अख्खी गल्ली गावाकडं पळाली, परतल्यावर हंडे लागले ते तुमच्याच दारी. माझी सूनसुद्धा! सासूचा हापसा उंबऱ्याशी, अन् ही अमृता सातव्या महिन्याचं पोट सांभाळत जाते अक्कांच्या माठातलं आणायला. म्हणे, मोठ्या आईंचं पाणी गोड!

उषाबाई : मी बोलावते का तिला?

वत्सला : नाही बोलावत. कळशी भरून ठेवता, हातावर खोबऱ्याची वडी ठेवता.

छाया : बस, मावशी, आता हळू. काठोकाठ हवं. हे बघा, झाकण लावून उलटी केली. आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची.

वत्सला : एका बुडबुड्यासाठी?

छाया : मागच्या मिलमधली जी रसायनं मी शोधतेय ना, ती हवा मिळाली की पाण्यातून उडून जातात. मग वाईट पाणीही चांगलं ठरतं. मावशी... हा हापसा कधी रंगवला?

वत्सला : काल सांजच्याला! तुम्ही येणार कळलं. अक्कांचा बघा, नुसता गंज. माझा हिरवागार. अन् तोंड तर आतूनसुद्धा थिनरनं पुसलं, चिंधी घालून. लखलखतंय का नाही?

छाया : आतून? अहो, मी शोधतेय त्यातलंच थिनरमध्ये असतं. ही बाटली काय खरं सांगणार? परत यावं लागेल मला.

उषाबाई : वच्छी गं! परीक्षेला नटून गेलीस.

वत्सला : हसा, अक्का. माझा नापास, तुमचा पास. आता अमृता मॅडमच्या शिक्क्याचं पाणी पिईल. बाळंतपणही तुमच्याकडंच उरका. नातू झाला की त्यालाही...

(उषाबाई आपल्या ओट्यावरची भरलेली कळशी मोरीत उपडी करते.)

वत्सला : अहो! अमृताची कळशी ती!

उषाबाई : तिला टँकरचं दे. माझ्याकडं पाठवू नको.

वत्सला : एवढा राग? चेष्टा केली मी.

उषाबाई : राग कसला. छायाबेन, तुम्ही न्या माझी बाटली, तपासा. पण मला आधीच माहितीय. वास येतो माझ्या पाण्याला. होळीपासून.

छाया : आणि गल्ली गोड म्हणते ते?

उषाबाई : माठात वाळ्याची जुडी टाकते, वेलदोडा टाकते. मला ना लेक ना सून. ती पोर दारात येऊन मोठी आई म्हणते. पाणी वाईट म्हटलं असतं, तर कशाला आली असती?

छाया : वत्सलामावशी, तुम्हाला कधी आला तो वास?

वत्सला : माझ्याही येतो, अक्का. म्हणून तर रंगवला, वास झाकायला. मला वाटायचं, माझ्याच पाण्याला येतो.