नुसता अंगठा

सेवा केंद्राच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक आजी होत्या. खिडकीतला कारकून त्यांना सांगत होता,

“आजी, घर तुम्ही पुतण्याच्या नावावर केलंय.”

“अहो, मी सहीच केली नाही!”

“यंत्रावर अंगठा ठेवलात ना?”

“तो म्हणाला, पेन्शनीचं काम आहे.”

“कायद्यानं तो अंगठा म्हणजे सहीच.”

“मग घ्या की परत!”

“ते माझ्या हातात नाही. कोर्टात जावं लागेल.”

“तोवर जाऊ कुठं? मेल्यानं कुलूपसुद्धा बदललंय हो!”

कारकुनानं मान खाली घातली. “पुढचे या.”

शिंपीणबाई खिडकीपुढे आल्या.

“बोला, काय काम?”

“ठाऊक नाही. जावयांनी हा कागद दिलाय. म्हणाले, नुसता अंगठा देऊन या.”

“ठेवा मग यंत्रावर.”

त्यांनी अंगठा मुठीत घट्ट आवळला.

“साहेब, आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा.”