विसापर्यंत

छातीच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कानावर पडलं आणि अवंतिकाने हातातला मोबाइल खाली ठेवला.

"अहो, भिंतीवर ते उलट्या झाडासारखं काय लावलं?"

"फुप्फुसं आहेत ती. वरून श्वासनळी येते, तिला दोन फांद्या फुटतात, मग बारीक डहाळ्या. टोकाला द्राक्षांच्या घोसासारखे हवेचे फुगे. तीस वर्षं फळ्यावर हेच काढलं मी, लतिका."

"मग तुमच्या फुग्यांना काय झालं?"

"कडक होऊन गेले. फुगत नाहीत आता."

"अन् नरम कधी होतील?"

"वर्गात पोट्ट्यानं असं काही विचारलं, की मी घंटेची वाट पाहायचो."

"चलो, राहू द्या. पोरांना श्वास रोखून धरायला लावायचे न तुम्ही, तसा धरा. मी मोजते."

"इथं?"

"काहून? घरी रोज धरता न?"

सरांनी छाती भरून घेतली. लतिकाबाई मोजू लागल्या. अवंतिकाची नजर समोरच्या घड्याळाकडे गेली. सेकंदकाटा जेमतेम आठ सेकंद सरकला, तोच सरांचं तोंड उघडलं आणि ते धापा टाकू लागले.

"वीस! पाहा, कालच्यापेक्षा दोन जास्त."

"अच्छा?"

"डॉक्टरांना सांगू आपण."

"त्यांना नको सांगू. त्यांच्याजवळ घड्याळ आहे."

लतिकाबाई मांडीवरच्या एक्स-रेच्या पाकिटाची घडी नीट करत राहिल्या.

"लतिका."

"काय हो?"

"उद्या अजून जरा भरभर मोज."