गोळी वाढवली म्हणजे काय केलं?

मंडळी, बसलात का सगळे? मागचे जरा पुढे सरका. त्या खांबाला टेकलेल्या गृहस्थांना मी काही बोलत नाही — खांब देवाचा, झोप त्यांची!

तर आजचा प्रश्न. विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं? मान डोलवायची, की तोंड उघडायचं? एखाद्यावर आपली पुरती श्रद्धा आहे. तो सांगतो, आपण 'होय' म्हणतो. झाला का विश्वास? तुम्ही म्हणाल, बुवा, हाच तर विश्वास! बरं, असू दे. मी वाद घालत नाही. गोष्ट सांगतो, निवाडा तुम्ही करा. मला त्या गावात ना जमीन, ना सोयरीक.

ऐका. गाव वेळशेत. तळकोकणातलं, नदीकाठचं. देऊळ रवळनाथाचं, आणि देवळात आबा गुरव. साठी ओलांडलेला, काटक माणूस. आवाज खणखणीत! आबाने गाऱ्हाणं घातलं की नदीपलीकडच्या वाडीत म्हशी कान टवकारायच्या. आता गाऱ्हाणं म्हणजे काय, ते घाटावरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. भक्ताचं मागणं गुरव देवापुढे मोठ्याने मांडतो — 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सुखी ठेव!' — की जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, 'होय म्हाराजा!' प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा. वाक्य ऐकलंच पाहिजे असं काही नाही हं! एकदा आबाला मध्येच शिंक आली. लोक म्हणाले, 'होय म्हाराजा!'

हसा, हसा. तुम्हीही त्यातलेच.

गाऱ्हाणं झालं की नारळ. देवळात नारळ 'फोडला' म्हणतात का? शिव शिव! वाढवला म्हणतात. आपली भाषाच सोवळी. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. आबाचे आजोबा वाढवायचे, बाप वाढवायचा, आबा वाढवतो. वाढवणे म्हणजे एकाचे दोन तुकडे — हे त्याच्या हाडात मुरलेलं. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच गावात डॉक्टरीणबाई. वैजयंती केळुसकर. शहर सोडून आलेल्या, कामाला वाघीण, हाताला गुण. लोक म्हणायचे, निम्मे आजार बाईंचं तोंड बघूनच पळतात. उरलेल्या निम्म्यांसाठी गोळ्या होत्या.

आबाला रक्तदाब. त्याला रोज एक गोळी. एके दिवशी बाईंनी तपासलं, तर दाब चढलेला. बाहेर बाकावर ही रांग! फोन वाजतोय, कुणाचं तरी पोर टाहो फोडतंय. दंडाचा पट्टा सोडता सोडता बाई म्हणाल्या, "आबा, गोळी वाढवायची हं आता."

"होय बाई."

"समजलं ना?"

"होय तर!"

झालं! तपासणी संपली. पेटीवाले, हसू नका — तुमची तपासणी याहून लांब चालते काय?

तुम्ही म्हणाल, बाईंनी लिहून दिलं नव्हतं का? दिलं होतं की! पण डॉक्टरांचं अक्षर. ते वाचणार औषधवाला, आणि आबा औषधवाल्याकडे गेलाच नाही. घरी गोळ्या शिल्लक होत्या ना!

घरी आला, बायकोला हाक मारली. शेवंती तिचं नाव. "शेवंते, अडकित्तो काढ. गोळी वाढवूची हा."

"गोळी? ती कित्याक?"

"बाईंनी सांगल्यानी."

अडकित्ता आला. सुपारी बाजूला झाली, गोळी मध्ये ठेवली — कच्! दोन तुकडे. अर्धी आज, अर्धी उद्या. शेवंतीच्या मनात पाल चुकचुकली. म्हणाली, "अर्ध्यान भागतला काय?"

आबा म्हणाला, "अगो, देवाक तरी आख्खो नारळ खंय ठेवतो? अर्धो देवाक, अर्धो परत. गुण येताच मां!"

आहे का उत्तर? मला तर सुचत नाही. शेवंतीलाही सुचलं नाही. तिने दुसरा तुकडा पुडीत बांधून ठेवला.

पुढच्या खेपेला बाईंनी पट्टा बांधला. दाब आणखी वर! "आबा, गोळी वाढवली होती ना?"

"होय बाई. वाढवली."

खोटं बोलला का? अजिबात नाही. अडकित्त्याची साक्ष आहे!

बाई विचारात पडल्या. वाढवूनही उतरत नाही? म्हणाल्या, "मग अजून वाढवू."

"अजून?"

"हो, अजून. घाबरू नका."

आबा कशाला घाबरतोय? घरी गेला, अर्धीची चतकोर केली; पुढच्या खेपेला चतकोराचेही दोन. बाईंचं औषध चढतं आहे, आबाच्या पोटात उतरतं आहे, आणि दोघंही एकमेकांवर खूष! गोळ्या तर संपेचनात. आबा म्हणायचा, देवाची कृपा.

आणि मग एका सकाळी देवळात एक कुटुंब आलं. नवीन घर बांधलं होतं, त्याचं गाऱ्हाणं. आबा उभा राहिला. उजव्या हातात नारळ. "बा देवा म्हाराजा, ह्या..." पुढचा शब्द येईना. ओठ एका बाजूला ओढला. नारळ हातातून सुटला, गडगडत पायरीपाशी गेला. हात लोंबायला लागला. घशातून नुसता एक आवाज आला — शब्द नाही, आवाज.

आणि लोक काय म्हणाले माहीत आहे? सवयीने? 'होय म्हाराजा!'

मंडळी, मी ही गोष्ट पुष्कळ गावांत सांगितली. इथे आलो की अंगावर काटा येतो. एक माणूस समोर कोसळतोय आणि माणसं होय म्हणताहेत. असो. पुढे चला.

बाई धावत आल्या. गाडीत घातलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. आबाचा जीव वाचला. पण उजवा हात लुळा आणि वाचा अडखळती. गुरवाची वाचा गेली, म्हणजे काय उरलं सांगा! पूजा दुसरा करील, दिवा दुसरा लावील. पण गाऱ्हाणं? जत्रा जवळ आली होती. आबा पडवीत बसून ओठ हलवायचा आणि शब्द आला नाही की भिंतीकडे तोंड करायचा.

गावात कुजबुज झाली. "बाईंनी गोळ्यो वाढवल्यानी, त्योच अंगावर इल्यो!" बाईंच्या बाकावरची रांग आटली. बाई स्वतःच चक्रावलेल्या. इतकं औषध पोटात गेलं, आणि दाब चढाच कसा राहिला? शेवटी आबाला बघायला घरी गेल्या. शेवंतीने पानाचं तबक पुढे केलं. सुपारीच्या खांडांशेजारी पांढरे कण. म्हणाली, "बाई, आता किती वाढवू? चिमटीत गावत नाय!"

"हे काय आहे, काकी?"

"गोळी. वाढवलेली."

"वाढवलेली म्हणजे काय केलंत?"

"काय म्हणजे? वाढवली! अडकित्त्यान!"

बाईंनी एक कण बोटावर उचलून बघितला. सगळा हिशेब एका क्षणात लागला. आपण औषध चढवत होतो आणि माणूस औषधावाचून चालला होता!

आता इथे जरा थांबा. बाई दवाखान्यात परतल्या, तर त्यांचा कंपाउंडर म्हणाला, "बाई, मग आपली चूकच नाही! आपण वाढवा म्हणालो, ते बरोबर. त्याने मोडली. उद्या देवळात बैठक आहे, तिथे एवढंच सांगा, गुरवाने गोळ्या नीट घेतल्या नाहीत. संपला विषय."

काय चूक बोलला तो? शब्दशः खरं होतं ना! असं खरं फार सोयीचं असतं, मंडळी. त्याने अंग झाकलं जातं.

दुसऱ्या दिवशी देवळात सगळे जमले. जत्रेला गाऱ्हाणं कुणी घालायचं, आणि बाईंकडे जायचं की नाही, असे दोन विषय. आबाही एका कडेला बसवलेला. गावचे मानकरी दाजी परब म्हणाले, "बाई, काय झाला ता तुमीच सांगा."

बाई उभ्या राहिल्या. गोळीची सगळी हकिकत सांगितली, अडकित्त्यासकट. दोघं-तिघं हसले. दाजी म्हणाले, "म्हणजे चूक आबाची!"

"नाही," बाई म्हणाल्या. "आबांनी मी सांगितलं तसंच केलं. माझ्या तोंडात शब्द बरोबर होता, त्यांच्या कानात तो फिरला. तो फिरला की नाही हे बघणं माझं काम होतं. मी 'समजलं ना' विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधी दाराकडे बघितलं. मी औषध वाढवतेय आणि माणूस गोळ्या मागायला येत नाही, हेसुद्धा मला खटकलं नाही. आबा, तुमची वाचा माझ्या घाईने गेली. मला वाईट वाटतं. ज्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं असेल, त्यांना मी सगळे कागद नीट करून देईन."

त्या दिवशी कुणीही होय म्हाराजा म्हणालं नाही.

मग गावाने काय बाईंना डोक्यावर घेतलं? छे! काही लोक गेले दुसरीकडे. खोटं कशाला सांगू? पण दवाखान्यात पहिलं कोण आलं? आबा! शेवंतीने हाताला धरून आणला. आणि तिने बाईंना सांगितलं, "माका तेव्हाच शंका इली होती. पण तुमी शिकलेली. तुमका कसा इचारतलंय?"

त्या दिवसापासून बाईंनी 'समजलं ना' हा शब्द टाकला. त्या विचारायच्या, "आता घरी जाऊन काय करणार, ते तुम्ही मला सांगा." लोक वैतागले! म्हणे, बाई शाळा घेतात! काहींची पार भंबेरी उडायची. पण हळूहळू रांग पुन्हा लागली. तपासणीला वेळ लागायचा म्हणून लांबसुद्धा व्हायची.

आणि जत्रा आली. मान आबाचाच. दुसरं कुणी पुढे होईना. आबा उभा राहिला, शेवंतीचा आधार. सगळं गाव लोटलेलं. आबाने देवाकडे बघितलं आणि एकेक शब्द ओढून काढला.

"बा देवा... म्हाराजा... ह्या गावाक... इचारूक... तोंड दी... नि ऐकूक... कान दी..."

"होय म्हाराजा!" गाव गरजलं.

आबाने डावा हात वर केला. "थांबा!"

सगळे थांबले.

"काय... होय? मी काय... बोललंय... ता सांगा!"

ज्याने त्याने शेजाऱ्याकडे बघितलं. ऐकलं होतं कुणी? मग आबाच्या शेजारून शेवंतीचा आवाज आला. कापरा, पण स्पष्ट. "देवा म्हाराजा, ह्या गावाक इचारूक तोंड दी, नि ऐकूक कान दी."

आबाने मान हलवली. म्हणाला, "होय." डोळे भरून आले होते त्याचे. मग डाव्या हाताने नारळ वाढवला — म्हणजे फोडला, मंडळी, फोडला! इथे तरी नीट सांगितलेलं बरं.

गोष्ट संपली. आता तुमच्याकडे वळतो. दवाखान्यातून घरी येता, सून विचारते, काय म्हणाले डॉक्टर? तुम्ही सांगता, "काही नाही, गोळ्या दिल्यात." कसल्या? "पांढऱ्या!" ज्याच्या हाती जीव दिलात, त्याला एक प्रश्न विचारायला लाज वाटते. आणि इथे कुणी डॉक्टर बसले असतील, नर्सबाई बसल्या असतील, त्यांनाही हात जोडून सांगतो — मान डोलली म्हणजे शब्द पोचला असं नाही. माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतो, म्हणून तर विचारत नाही! मग विचारायचं कुणी?

समजलं ना, मंडळी?

— होय म्हणालात! सगळे! एका सुरात!

नको. असलं होय मला नको. आरतीचं तबक तिथेच थांबू दे. अहो, खांबाला टेकलेले! हो, तुम्हीच. उठा. मी कुठे जात नाही, सावकाश सांगा — गोळी वाढवली म्हणजे काय केलं?