अंबूआत्याचे वाळे आणि माझं वाजणारं मशीन

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे रत्नदीप, सोनं सापडलं का?" अहो सोनं! चार महिने झाले जमिनीतला धातू शोधायचं मशीन घेऊन, आणि चार महिन्यांत मी जमिनीतनं काय काढलं ते ऐका. बाटल्यांची बुचं, गोणभर! म्हशीची तुटकी साखळी, विळ्याचं पातं, सायकलचं एक पॅडल... एकच, दुसरं नाय... आणि एक पत्र्याचा डबा, जो मी दीड तास खणून, घामाघूम होऊन उघडला, तर आत दुसरा डबा! तोही रिकामा! आता मला सांगा, रिकाम्या डब्यात रिकामा डबा घालून जमिनीत पुरतं कोण? कशासाठी? पण तुमाला सांगतो, एकदा मशीनने 'टूँऽऽ' केलं ना, की माणसाला मागं फिरता येत नाय. खाली राजाचा खजिना असेल नायतर बिअरचं बूच असेल, आपल्या हातात काय? वाजलं की खणायचं!

मी वाशिंदला कंपनीत फिटर. रविवारी मुरबाडकडं गावाला जातो, तिथं बाबा एकटे राहतात, आमचे वडील, कमळू, सत्याहत्तर वर्षांचे. तर एका रविवारी मोबाईलवर बघितलं, कुठला तरी गोरा माणूस समुद्राच्या वाळूत अशी काठी फिरवतोय, टूँ झालं, वाकला, अंगठी! परत टूँ, परत अंगठी! आणि मग हा बाबा नाचतोय वाळूत. मी पौर्णिमाला, म्हणजे आमच्या मिसेसला, दाखवलं. ती बोलली, "आपल्याकडं समुद्र हाय का?" मी बोललो, "नाय." "मग नाचणार कुठं?" असं बोलून ती भाकऱ्या थापायला गेली. मी मशीन मागवलं. लांब काठी, खाली ताटलीसारखी चकती, वर हाताजवळ एक डबी. चकती पाण्यात बुडाली तरी चालते, डबी भिजली की खेळ खलास. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार.

पहिली टेस्ट घेतली बंटीवर. बंटी म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, कसाऱ्याला टेम्पो चालवतो. चकती त्याच्या डाव्या पायाजवळ नेली, तर टूँऽऽ! आमी दोघं दचकलो. मग त्याला आठवलं, ॲक्सिडेंटनंतर पायात रॉड टाकलाय. आणि हा इतका खूश झाला, बोलतो, "म्हणजे डॉक्टरने खरंच टाकलाय रे! मला आठ वर्षं शंका होती!" बघा, मशीनने पहिल्याच दिवशी एका माणसाच्या मनाचा घोर मिटवला. मी तर बोलतो, तिथंच पैसे वसूल.

गावात मात्र माझी पार अब्रू गेली. "आला गुप्तधनवाला!" पोरीबाळी हसतात, म्हातारे हसतात, आणि तेच म्हातारे गुपचूप येऊन सांगतात, "त्या चिंचेखाली एकदा फिरव ना." सकुबाई आली, शेजारची, बोलली, "रत्नदीप, माझी खुरपी हरवली रं, मशीनला इचार." मशीनला विचार! जसं काय मशीन सीआयडीत आहे! पण फिरवलं तिच्या वाडीत, शेणकुटाच्या ढिगाजवळ टूँ, काढली खुरपी. त्या बाईने मला ओवाळलं हो! चाळिशी उलटलेल्या माणसाला खुरपीसाठी ओवाळलं! मी लाजलो. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आपल्याला कोण ओवाळतं?

आता आत्याचं सांगतो, नायतर पुढचं काय समजायचं नाय.

बाबांची धाकटी बहीण, अंबूबाई. दिली शहापूरच्या पलीकडं, भातसानगरच्या अंगाला. पण गोष्ट ती लहान असतानाची, साठ-एकसष्ट सालातली. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, साऱ्या वस्तीने घेतली. प्रतिज्ञा घेतल्या तशा त्या पाळायच्या, म्हणून आजोबांनी घरातले देवाचे टाक, म्हणजे ते धातूच्या पत्र्यावर कोरलेले छोटे छोटे देव असतात ना, ते ठेवायचा तांब्याचा डबा उचलला आणि झाकणासकट नदीच्या डोहात सोडला. शिवी नाय, आरडाओरडा नाय. हात जोडले आणि सोडला. बाबा तेव्हा बारा वर्षांचे, बाजूला उभे होते.

आणि त्याच आठवड्यात अंबूआत्याचे पायातले वाळे गायब! सात वर्षांची पोर, चांदीचे घुंगरू असलेले वाळे, घरातली चांदी म्हणाल तर तेवढीच. शोध शोध शोधले. मिळेनात. आणि ही सात वर्षांची आत्या बोट दाखवून बोलली, "कमळूने घेतले!" का बोलली? तर कमळू आदल्या दिवशी बाजारात भजी खाताना कुणाला तरी दिसला होता! भजी! ती दिली होती मामाने, पण ऐकतंय कोण? आजोबांनी बैलाच्या चाबकाने मारलं बाबांना. पाठीवर अजून एक वळ आहे, मी लहानपणी बोट फिरवायचो त्याच्यावर, विचारायचो, "बाबा, हे काय?" तर बोलायचे, "काय नाय."

त्यानंतर पासष्ट वर्षं, पासष्ट! आत्या बाबांना दादा बोलली नाय. नुसतं 'ह्यो'. बाबांच्या लग्नात माझ्या आईच्या कानात बोलली, "वयनी, पेटीला कुलूप लाव, ह्याचा हात बरा नाय." माझ्या बारशाला पाळण्यात वाकून बोलली, "बापावर जाऊ नको रे बाळा." माझ्या लग्नात पौर्णिमाच्या गळ्यातलं बघून बोलली, "सासऱ्यापासून जप!" पौर्णिमा महिनाभर सासऱ्याला चहा देताना कपाकडं कमी, हाताकडं जास्त बघायची! आणि बाबा दर वेळी एकच वाक्य, "मी नाय घेतले." ना चढा आवाज, ना शपथ. "मी नाय घेतले", आणि उठून गोठ्याकडं.

आता या मे महिन्यात बंटीने डोकं लावलं. बोलतो, "डोहात कल्याणची पोरं पिकनिकला येतात, पोहतात, अंगठ्या निसटतात. पाणी उतरलंय, चल." मी बाबांना विचारलं, तर ते माझ्याकडं बघून बोलले, "आपल्या बापाने सोडलेलं काय हाती लागलं, तर ते घरात आणायचं नाय." मी बोललो, "अंगठ्यांसाठी जातोय हो." "मग जा."

पौर्णिमाला बाबांच्या घरी सोडलं आणि सकाळी नऊला डोहात उतरलो. छातीएवढं पाणी, कानाला हेडफोन, मशीनची डबी मी अशी वर धरलेली, हात भरून आलेला, आणि बंटी मागनं माझी बनियन धरून उभा. कशाला? तर बोलतो, "वाहून गेलास तर वैनीला काय सांगू?" पाणी स्थिर हो! तळ्यासारखं! म्हशी बसलेल्या होत्या त्यात!

टूँ. पाण्याखाली आवाज कसा येतो ठाऊक आहे? लांबून कुणी हाक मारल्यासारखा. आता जमिनीवर वाजलं की खणायचं, ठीक आहे, पाण्यात खणायचं कसं? पायाच्या बोटांनी चाचपायचं, मशीन बंटीकडं द्यायचं, नाक दाबून खाली जायचं, वर यायचं. गेलो. बूच! परत गेलो. स्टीलचा चमचा! कुणी आणतो चमचा पोहायला? मग पलीकडच्या खडकाजवळ, जिथं पाण्याने दगडात रांजणासारखे गोल खड्डे पाडलेत ना, तिथं वेगळाच आवाज आला, जाड, भरलेला. मशीन खडकावर ठेवलं, बंटीला बोललो, "पाय धर माझे." उलटा होऊन हात घातला खांद्यापर्यंत. गोटेच गोटे. एक काढला, वर आलो, श्वास. दुसरा काढला, वर आलो, श्वास. असे अकरा वेळा! बाराव्या वेळी बोटांना गोल कड लागली. ओढलं. आलं!

आणि बंटी! अरे निदान बघ तरी काय आहे! नाय! तोंडाला दोन्ही हात लावून बोंबलला, "हंडाऽऽ! रत्नदीपला हंडा घावलाऽऽ!" कपडे धुणाऱ्या बायका धावल्या, म्हशी उठल्या. मी घरी पोचेपर्यंत अंगणात अर्धं गाव, आणि पोलीस पाटील धाकलू सदरा चढवून हजर. बोलतो, "जुनं धन घावलं तर तहसीलदारांना कळवावं लागतं. उघडा पंचांसमोर!" मी नुसत्या चड्डी-बनियनवर, टपटप पाणी गळतंय, आणि हे पंच!

उघडायचं काय? तांब्याचा डबा, हिरवा पडलेला, झाकणाला भोक, आत दगडासारखा चिखल. बाबा खाटेवर बसले होते, ते सावकाश उठले. "आमच्या घरचा डबा हाय," बोलले. "बापाने सोडला तवा मी शेजारी उभा व्हतो. धाकलू, लिहून घे." मी चमच्याने, हो हो, त्याच डोहातल्या चमच्याने, चिखल उकरला. एक टाक. दोन. पाच टाक. आणि तळाला काहीतरी काळं, गोल, वाकडं. मला वाटलं वायर. बाबांनी ते माझ्या हातातनं घेतलं, खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने घासलं, घासलं, आणि एवढीशी चांदी चमकली. बारीक घुंगरू. लहान पोरीच्या पायातला वाळा.

बाबांनी वाळा परत माझ्या हातात ठेवला. मग माझ्याकडं न बघता बोलले, "अंबूला आण."

बंटीने टेम्पो असा मारला म्हणता! दुपारी आत्या उतरली, कमरेत वाकलेली, पदर डोक्यावर, तोंड आधीच सुरू, "काय झालं? ह्यो आजारी हाय का? मला नीट सांगत का नाय?" मी तिच्या हातात वाळा दिला. तिने घुंगरू मोजले बोटाने, एक कमी होता, त्या जागेवर बोट थांबलं. आणि मग ती हळू हळू खाली बसली, ओट्यावर.

"निसटत व्हते," बोलली. "मोठे व्हत व्हते पायाला. आये रागवंल म्हणून... मीच ठेवले. देवाच्या डब्यात. मीच ठेवले रे. आणि इसरले."

बंटी, जो कधी गप्प बसत नाय, तो टेम्पोच्या चाकाकडं बघत उभा. आत्या उठली, गेली बाबांसमोर, त्यांच्या पाठीला हात लावला, बरोब्बर जिथं वळ आहे तिथंच, आणि बोलली, "दादा."

पासष्ट वर्षांनी. दादा.

मला वाटलं, आता बाबा रडतील, नायतर ओरडतील, हक्क आहे त्यांचा! पण माणूस कसा बघा. नुसतं तिच्याकडं बघितलं आणि बोलले, "जेवलीस का गो?"

मग आत्या जी रडली! पौर्णिमा रडली, सकुबाई रडली, पोलीस पाटलाने लिहायचा कागद डोळ्याला लावला! मी? मी पाणी पुसत होतो. डोहाचं होतं.

संध्याकाळी बाबा स्वतः गेले, टाक डब्यात घालून परत डोहात सोडले, त्यांच्या बापाने सोडले तसेच, हात जोडून. वाळा आत्याकडं. आणि मी त्या दिवशी मशीन पुसलं, कोरड्या फडक्याने, एखाद्या बैलाला पुसावं तसं, आणि त्याला बोललो, बाबा रे, तू मला सोनं देऊ नको, आयुष्यभर बुचं दे, माझी तक्रार नाय. खरंच नाय. माझ्या बापाला चोर म्हणणारं आता कुणी उरलं नाय, त्याचा हिशेब कुठल्या दुकानात होतो? वाजलं आणि खणलं, म्हणून झालं.

असं वाटलं ना, गोष्ट संपली? मलाही वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा. आत्या दोन दिवस राहायला थांबलेली. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, वाळा फिरवून बघितला आणि बोलली, "जोड व्हता."

तिने हळूच बाबांकडं बघितलं. मला वाटलं, झालं, परत सुरू! आणि बाबा, जे पासष्ट वर्षं 'मी नाय घेतले' सोडून दुसरं काय बोलले नाय, ते हसले हो! पहिल्यांदा एवढे हसले, बोलले, "दुसरा मीच इकला गो! भजी खाल्ली त्याची!" आणि त्या म्हातारीने हसून हसून चहा सांडला!

दोन दिवसांची आत्या आता महिना झाला आमच्या गावच्या घरी आहे, हलायचं नाव नाय. आणि त्या दुसऱ्या वाळ्यापायी दर रविवारी मी कुठं? डोहात! गळ्याएवढ्या पाण्यात! ही दोघं काठावर एका छत्रीखाली. आत्या ओरडते, "डावीकडं बघ रे!" बाबा ओरडतात, "उजवीकडं, तिला काय कळतंय!" "तुला काय कळतंय दादा, वाळे माझे व्हते!" "डबा माझ्यासमोर सोडला!" मी मधे उभा, डबी डोक्यावर, शेवटी वैतागून विचारलं, "अरे नक्की कुठं बघू मी?" तर दोघं थांबले, माझ्याकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि एका सुरात बोलले, "ह्याला सांगून काय उपयोग नाय!"

घ्या! पासष्ट वर्षांनी भावाबहिणीचं एका गोष्टीवर एकमत झालं, तर ते माझ्यावर.