सूं आली का?

बाबा: पुन्हा तेच! ऐकलंस ना? तोंडात बोळा कोंबून कुणीतरी गावं, तशी वाजतेय गिटार. चार महिने घासले मी या प्रोसेसरवर, गिटारचा एकेक आवाज हातानं घडवला, आणि आज पहिल्यांदा सरावाच्या खोलीत आणला, तर नेमका हा असा घात!

काका: माझ्या मोठ्या ड्रममध्ये उशी कोंबलीय, तोसुद्धा याच्यापेक्षा मोकळा बोलतो.

बाबा: तू गप रे. तीस वर्षं माझ्या पाठीमागे बसून नुसता बडवतोस. तुला आवाजातलं काय कळतं?

लेक: बाबा, भांडू नका. सव्वाचार झालेत.

काका: आणि बाई पाचला येणार. म्हणजे पाच मिनिटं आधीच.

बाबा: माहीत आहे मला! सगळे तेच तेच ऐकवू नका. 'आज गिटारचा आवाज जमला नाही, तर रविवारी स्टेजवर दुसरा वाजवणारा.' बँड त्यांचा, गाणार त्या, ठरवणारही त्याच. लहान असताना वडिलांच्या मागे लपून माझं वाजवणं ऐकायची ही बाई. जाऊ दे.

लेक: आधी बसा. घरी चार महिने तुम्ही कशावर ऐकत होतात?

बाबा: हेडफोनवर. तुझी आई रात्रपाळी करून दिवसा झोपते. अ‍ॅम्प लावला असता तर तिच्याच वॉर्डात मला भरती व्हावं लागलं असतं. हेडफोनवर कसला गोड वाजत होता! पण हल्ली वस्तूच भिकार येतात. तो थर्मामीटर नाही का, ताप मोजला तर वाजेचना. अर्धा तास तोंडात धरून बसलो होतो. दुकानदाराला झाडला नुसता.

लेक: थर्मामीटर राहू द्या. हेडफोनसाठी या प्रोसेसरच्या पोटात एक अ‍ॅम्प आहे आणि स्पीकरची पेटीही आहे. नकली, पण आहे. आता तो सगळा तयार आवाज तुम्ही खऱ्या अ‍ॅम्पच्या तोंडात ओतताय.

काका: म्हणजे झालेल्या चहात पुन्हा पूड घालून उकळायचं.

लेक: अगदी तसंच, काका. माहितीपुस्तकात लिहिलंय, पान अकरा.

बाबा: माहितीपुस्तक नवशिक्यांसाठी असतं.

लेक: म्हणून नवशिकीनं वाचलं. सरका जरा. ही आतली पेटी बंद केली. आता वायर पुढून काढायची आणि मागे लावायची, 'रिटर्न' लिहिलंय तिथे. म्हणजे अ‍ॅम्पचा पुढचा भाग मध्ये येतच नाही, नुसता त्याचा जोर आणि स्पीकर वापरायचा. पुढची बटणं आता झोपली. जे काय कमी-जास्त करायचं ते प्रोसेसरवर.

काका: सांभाळ गं, झांजेचा स्टँड पाडशील.

लेक: लावली. करा चालू.

बाबा: थांब, आधी कान लावू दे. नियम म्हणजे नियम. स्पीकरमधून बारीक सूं आली की समजायचं, अ‍ॅम्प जागा आहे. आठवतं? एवढीशी होतीस. जाळीच्या कापडाला कान लावायचीस आणि ओरडायचीस, 'आली, बाबा, आली!'

लेक: आठवतं.

बाबा: नाही.

लेक: काय नाही?

बाबा: सूं नाही. मेला! फ्यूज उडाला असणार. तरी म्हणत होतो, मागे काही खुपसू नकोस. आता पाच वाजता काय दाखवू बाईंना, माझं टाळकं?

काका: अरे, पण सूं तर...

लेक: काका, थांबा! बाबा, तुम्ही वाजवून तर बघा.

बाबा: काय वाजवू, डोंबल? हे घे... अरे! वाजतोय की! मग सूं कशी नाही?

लेक: मागून लावलं की नसते.

बाबा: असं होय! ऐक, ऐक. तारा सुट्या झाल्या बघ. शाब्बास माझी वाघीण! तुझ्या आईला सांग, लेक माझ्यावर गेलीय.

काका: सुटलो बुवा. आता एकदा सुरुवातीचं गाणं घेऊ.

बाबा: घेऊ. पण अजून जरा बोथट आहे हां. धार नाही. ट्रेबल चढवतो. सात. आठ. अं हं. नऊ.

लेक: बाबा, पुरे.

बाबा: झाकलेलंच वाटतंय गं. दहा. हां, आता कुठे कड आली! का, दात का आवळलेस?

लेक: कुठे काय.

बाबा: आणि तू कानात काय खुपसतोयस?

काका: कापूस.

बाबा: तो कशाला?

काका: खाज येते कानाला.

बाबा: दोन्ही कानांना?

काका: हे बघ, मला नाटकं जमत नाहीत. पोरी, तू सांगतेस की मी सांगू? बाई यायला वीस मिनिटं उरलीत आणि हा सुरी परजून बसलाय.

बाबा: काय सांगायचंय?

लेक: बाबा, हा आवाज टोचतो. फार टोचतो. दाढेत कळ जावी तसा.

बाबा: टोचतो? मला तर काही...

लेक: तुम्हाला नाही टोचत. तेच सांगतेय.

काका: प्रोसेसर नव्हता तेव्हाही तू ट्रेबल असाच चढवायचास, तीन महिने मी कापूस घालून वाजवतोय. बाई गातात तेव्हा तुझा अ‍ॅम्प त्यांच्या मागेच असतो. त्यांना स्वतःचा सूर सापडत नाही. म्हणून ही आजची परीक्षा. तू चुकलास म्हणून नाही रे.

बाबा: म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

काका: होतं.

बाबा: तुलाही?

लेक: बाईंचा फोन आला होता, गेल्या सोमवारी. रोज ठरवत होते, आज सांगू, आज सांगू. जीभच रेटेना. वाटलं, प्रोसेसर नीट लागला तर सगळं मिटेल. मघाशी आवाज मोकळा झाला ना, तेव्हा मला रडूच येत होतं. म्हटलं, चला, यंत्राचीच चूक होती.

बाबा: आणि तो थर्मामीटर?

लेक: तो वाजत होता. आई स्वयंपाकघरात होती, तिला तिथे ऐकू आलं.

बाबा: पण तिनं बदलून आणला होता तो.

लेक: नाही आणला. घरात आहे तो तोच आहे.

बाबा: असं.

लेक: बाबा...

बाबा: मघाशी सूं होती?

लेक: उद्याच आपण कानाच्या डॉक्टरांकडे...

बाबा: सूं होती का, ते विचारतोय.

लेक: होती. पहिल्यापासून होती. मी खोटं बोलले.

बाबा: आत्ता आहे?

लेक: आहे. ट्रेबल दहावर आहे ना, पार दारापर्यंत येतेय.

(बाबा गुडघ्यावर बसून जाळीला कान लावतात.)

काका: ए, ऊठ रे. कंबर धरेल तुझी.

बाबा: गिटार खोक्यात घाल. बाईंना सांग, अचानक बरं वाटेनासं झालं.

लेक: मी नाही सांगणार.

बाबा: अगं, ज्याला सूं ऐकू येत नाही त्यानं कशाला लोकांच्या कानांचे हाल करायचे?

लेक: बोटं चुकतात का तुमची? काका, तुम्ही सांगा. चुकतात?

काका: चुकली असती तर पहिला मीच बोंबललो असतो. सोडतो काय मी याला? ताल पक्का आहे याचा. स्वभाव सोडला तर बाकी सगळं पक्कं आहे.

लेक: ऐकलंत? तुम्ही वाजवा. ट्रेबल मी लावते.

बाबा: भीती वाटतेय गं मला.

लेक: मलापण वाटतेय. वाजवा.

बाबा: बरं. लाव.

लेक: थांबू नका, वाजवत राहा. आठ. सहा. पाच. काका?

काका: अजून किंचित. हां. हे बघ, कापूस काढला.

लेक: चार. बस्स.

बाबा: मेलं पार. पुन्हा बोळा कोंबलाय.

लेक: तुम्हाला तसंच वाटणार.

बाबा: आणि तुला?

लेक: मला शाळेतून घरी आल्यासारखं वाटतंय. जिन्यात असतानाच कळायचं, बाबा वाजवतायत. तोच आवाज आहे हा.

बाबा: मन राखायला म्हणत नाहीस ना? एकदा खोटं बोललीयेस.

लेक: एकदाच. पुन्हा नाही बोलणार.

बाबा: ए, तुझ्याकडे ती चिकटपट्टी आहे का? ड्रमच्या कातड्याला लावतोस ती.

काका: आहे. का रे?

बाबा: त्या ट्रेबलच्या बटणावर लाव. गाण्याच्या मध्येच माझा हात जाणार. मी मला ओळखतो.

काका: दोन लावतो. मीपण तुला ओळखतो.

बाबा: सेव्ह केलंस का गं ते?

लेक: केलं. पहिल्याच नंबरावर आहे. पायानं दाबलं की हाच आवाज येणार.

काका: चपला वाजतायत जिन्यात. आल्या बाई. बघ, पाच मिनिटं आधीच.

बाबा: मला नाही ऐकू आल्या.

काका: मला आल्या ना. बास.

बाबा: पोरी, तू इकडे ये. इथे वाक आणि कान लाव.

लेक: आत्ता? बाबा, त्या दारात पोचल्या.

बाबा: पोचू देत. नियम म्हणजे नियम. सूं आली का गं?

लेक: आली, बाबा. आली.