काट्याला कळवू नये

वायरिंगवाली: थांबला! काका, तुमच्या मीटरचा काटा नाचायचा थांबला!

काका: बघू, बघू. जरा ॲक्सिलरेटर देतो.

वायरिंगवाली: नाही थांबला. मी काही बोललेच नाही.

काका: अगं, मी या कानांनी ऐकलं!

वायरिंगवाली: जुनं इंजिन आहे, काका. आवाजात माणसाला काहीही ऐकू येतं.

काका: थांबला असेल तर लेखी दे. चार वाजता लेक येतेय गाडीची किल्ली न्यायला. म्हणते, "बाबा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा नाचतो, कारण तुमचा पाय थरथरतो." मी म्हटलं, पाय ठणठणीत आहे, मीटर म्हातारा झालाय.

वायरिंगवाली: मीटरला काही झालेलं नाही. बॉनेटखाली ही लाल नाडी कोणी बांधली होती?

काका: मीच. काय पसारा होता वायरींचा! एकत्र घेतल्या, कचेरीतली फायलीची नाडी आवळली. हेडक्लार्कची गाठ आहे, एका ओढीत सुटते.

वायरिंगवाली: हो, एका ओढीतच सुटली. स्पार्कची वायर आणि मीटरची वायर तुम्ही एकाच फायलीत घातलीत.

काका: विषय एकच होता ना. इंजिन.

वायरिंगवाली: स्पार्कची वायर भांडखोर. दर ठिणगीला शेजारणीच्या कानात ओरडते. ती बिचारी घाबरून काट्याला सांगते, इंजिन सहा हजारांवर पळतंय! गाडी अंगणात उभी, काटा निघाला विमान पकडायला.

काका: म्हणजे चहाडी.

वायरिंगवाली: शुद्ध चहाडी. मघाशीच मीटरची वायर पलीकडून फिरवलीय. उड्या बंद.

काका: म्हणजे पाय निर्दोष!

वायरिंगवाली: उड्यांपुरता. सरका जरा, मी दाबते. हे दोन हजार. बघा, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा.

काका: वा! ऊठ, आता मी.

(इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो.)

वायरिंगवाली: बूट काढून बघा.

काका: काढला. काय म्हणतोय काटा?

वायरिंगवाली: मोजाही काढा.

काका: काढला. आता फक्त पायच उरलाय, बाई.

वायरिंगवाली: ...म्हणून मघाशी शब्द मागे घेतला. तुम्ही दाबलंत तेव्हाच काटा हलताना दिसला.

काका: ती नाडी पुन्हा बांधली तर?

वायरिंगवाली: पुन्हा उड्या मारेल.

काका: आणि एवढ्या उड्यांत हे बारीक थरथरणं कोणाच्या लक्षात यायचं नाही.

वायरिंगवाली: काका, कोपऱ्यावर शाळा आहे.

काका: नुसतं विचारलं गं.

वायरिंगवाली: रविवारी मी येते. गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसून सूचना द्या.

काका: सूचना म्हणजे? ओरडू का?

वायरिंगवाली: पोटभर ओरडा. फक्त वायरींपासून लांब बसा.

काका: हं. ही किल्ली ठेव. लेक आली की तूच दे तिच्या हातात, माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि कामाच्या कागदावर लिही.

वायरिंगवाली: सांगा.

काका: काटा दुरुस्त. नाडी जप्त.

वायरिंगवाली: जप्त... लिहिलं. आणखी?

काका: खाली वेगळ्या ओळीत. सदर काट्यास चालकाच्या वयाची माहिती यापुढे कोणत्याही वायरीमार्फत कळवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.